पलटण सुटली, फाईल सुटेना

दिवाळीचा फराळ डब्यात असतो तोवरच निवृत्त फौजीला एक काम उरकावं लागतं. आपण अजून जिवंत आहोत, हे सरकारला कळवायचं. बहुतेक संरक्षण निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. पूर्वी बँकेत जायचं, ओळखीच्या कारकुनासमोर सही करायची, चहा घेऊन परत यायचं. आता पेन्शन बँक काढत नाही. प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाच्या ‘स्पर्श’ या प्रणालीतून ती थेट खात्यात पडते. त्यामुळे डोंबिवलीतला सत्तरीतला हवालदार स्टेशनजवळच्या एखाद्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जातो आणि यंत्रावर अंगठा ठेवतो. ठसा उमटत नाही. बोट पुसून, ओलं करून, दुसरं बोट लावून पाहिलं जातं. आयुष्यभर राबलेल्या हातांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत, ही तक्रार शेतकऱ्यांची आहे तशीच फौजींचीही. चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप आता आलं आहे. पण त्यासाठी घरात स्मार्टफोन आणि तो चालवायला सवड असलेला नातू लागतो.

या यंत्राला नावं ठेवणं सोपं आहे, आणि ते पुरतं न्यायाचंही नाही. ‘स्पर्श’मुळे आपली पेन्शन कशी ठरली याचा हिशेब पहिल्यांदाच जवानाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागला. अडचण वेगळी आहे. लढलेल्या माणसाला देण्यासारखं सरकारने बरंच ठरवून ठेवलं आहे. निवृत्तिवेतन, औषधोपचार, मुलांच्या शिष्यवृत्त्या, नोकरीत राखीव जागा, घरपट्टीत माफी. पण यातलं जवळजवळ काहीही आपण होऊन त्याच्या दारात येत नाही. प्रत्येक खिडकीवर त्याने नव्याने सिद्ध करायचं की तो फौजी होता, इथलाच आहे, आणि ही त्याचीच बायको आहे.

गावात हे निभतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात किंवा कोल्हापूर-सांगलीकडे लष्करातून परतलेल्या माणसाला सगळे ‘मेजर’ म्हणतात, मग तो नाईक म्हणून का निवृत्त झालेला असेना. कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला काय लिहायचं हे पारावर बसलेल्या चार जणांना पाठ असतं. तोच मेजर मुलांच्या शिक्षणासाठी कल्याणला मेहुण्याजवळ राहायला येतो, पेन्शन विक्रीतून (कम्युटेशनला फौजी हेच म्हणतात) हाती आलेल्या रकमेत पूर्वेला वन बीएचके घेतो आणि घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरच्या गेटवर निळ्या गणवेशात उभा राहतो. तिथे तो ‘सिक्युरिटी’ असतो. त्याच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसालाही तो कुठल्या पलटणीतला हे ठाऊक नसतं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे निवृत्त फौजी विखुरलेले आहेत. एकगठ्ठा वस्ती नाही, म्हणून आवाज नाही.

खरं तर या भागाचं आणि लष्कराचं नातं जुनं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी भला मोठा ट्रान्झिट कॅम्प उभारला गेला. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. जुनी माणसं अजूनही ‘कल्याण कॅम्प’च म्हणतात. त्याच युद्धात नेवाळीला धावपट्टी झाली; तिच्या जमिनीचा वाद इतका चिघळत गेला की जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गाड्या जळाल्या. कॅम्पचं शहर झालं, धावपट्टीचा तंटा झाला. त्या युद्धात लढून आलेल्या जवानांचं काय झालं? युद्ध संपल्यावर फौज घटवली तेव्हा त्यांच्यातल्या बहुसंख्यांना पेन्शनइतकी नोकरी न होताच घरी पाठवलं. राज्य सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना जे मासिक अर्थसाहाय्य देतं, त्याचं मूळ इथे आहे. आता ते घेणारे फार थोडे उरले. पेन्शन न मिळालेला सैनिक मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

जवानाला पेन्शन मिळायला किमान १५ वर्षं सेवा लागते. शिपाई साधारण सतरा-अठरा वर्षांत, हवालदार चोवीस-पंचवीस वर्षांत बाहेर पडतो. म्हणजे पस्तिशी-चाळिशीत. थोरली मुलगी सातवीत, धाकटा बालवाडीत, आणि बाप ‘रिटायर’. सरकारी कारकून ज्या वयात बढतीची वाट पाहतो, त्या वयात हा शून्यापासून सुरुवात करतो. पूर्वी याची जाण ठेवूनच जवानाला शेवटच्या पगाराच्या सुमारे ७० टक्के पेन्शन होती. १९७३ मध्ये, तिसऱ्या वेतन आयोगाच्या वेळी, ती ५० टक्क्यांवर आली. ‘वन रँक वन पेन्शन’च्या लढ्याची मुळं तिथपर्यंत जातात. त्या लढ्यावर भरपूर लिहून झालं आहे, म्हणून थोडक्यात: २०११ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मागणी मान्य करायला सांगितलं (हेच कोश्यारी पुढे आपले राज्यपाल झाले, आणि महाराष्ट्राने त्यांना वेगळ्याच कारणांसाठी लक्षात ठेवलं), २०१५ च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, नोव्हेंबर २०१५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू धरली गेली. दर पाच वर्षांनी फेरआखणी, म्हणजे २०१९ आणि २०२४. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पाच वर्षांची पद्धत वैध ठरवली. समान पदाला समान पेन्शन रोज नाही, पाच वर्षांतून एकदा.

पेन्शनच्या रकमेपेक्षा जास्त घरं ज्याने हलतात, त्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. मृत्यू किंवा जखम कुठल्या रकान्यात लिहिली गेली, हा तो प्रश्न. समजा, एका जवानाचा शेवटचा पगार ५०,००० रुपये होता. शत्रूशी लढताना तो गेला आणि नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी झाली, तर पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं: पूर्ण ५०,००० आणि वर महागाई भत्ता. सेवेशी निगडित पण लढाईबाहेरच्या कारणाने गेला, तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ६० टक्के, म्हणजे ३०,०००. सेवेशी संबंध नाही असं ठरलं, तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन: पहिली दहा वर्षं वाढीव दर, पुढे ३० टक्के, म्हणजे १५,०००. नवरा तोच, सीमा तीच, बर्फही तोच. युनिटमधून निघालेल्या अहवालातल्या दोन शब्दांवर पुढची चाळीस वर्षं ठरतात, आणि तो अहवाल लिहिला जातो तेव्हा घरी सुतक असतं. त्या कागदाची प्रत मागायचं भान कुणाला असणार?

जखमी होऊन परतलेल्यांचं असंच. पूर्ण अपंगत्व युद्धात आलं आणि त्यामुळे नोकरी सुटली तर शेवटच्या पगाराच्या १०० टक्के युद्धजखम घटक पेन्शनमध्ये मिळतो; सेवेतल्या इतर कारणाने आलं तर ३० टक्के. टक्केवारी ठरवतं वैद्यकीय मंडळ. ‘बोर्ड आऊट’ झालेल्या, म्हणजे वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्या जवानाला ते मंडळ काय म्हणालं हे कित्येकदा वर्षांनी कळतं. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक माजी सैनिकाने घडी घालून खिशात ठेवावेत. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे उद्भवलेला आजार सेवेमुळेच झाला असं धरून चालावं. नसल्याचं सरकारने दाखवावं. २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा लाभ मिळाला: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, पुढे ७५, त्यापुढे १००. तरीही हा लाभ मागायला लोक सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापर्यंत जात राहिले. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आलं ते लवकर न्याय मिळावा म्हणून. सर्वोच्च न्यायालयात सुटलेलं गणित प्रत्येक हवालदाराने पुन्हा वकील लावून का सोडवायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

ठाणे जिल्ह्याने सीमेवर माणसं दिली आहेत. डोंबिवलीच्या घरडा सर्कलला शहीद कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचं स्मारक आहे. कारगिल विजय दिनाला तिथे शाळांची मुलं जमतात, एरवी त्याला वळसा घालून रिक्षा धावतात. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझच्या नियंत्रण रेषेवर घुसखोरांना रोखताना गेले. वय २९. ते सेना पदकाचे मानकरी. त्यांच्या पत्नी कनिका यांनी सेवा निवड मंडळाची परीक्षा दिली, चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत दाखल झाल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये लेफ्टनंट म्हणून बाहेर पडल्या. वृत्तपत्रांनी त्यांचं कौतुक केलं, ते योग्यच. पण प्रत्येक वीरपत्नीकडून असं असामान्य काही घडावं ही अपेक्षा धरणं हे समाजाने स्वतःची जबाबदारी झटकण्यासारखं आहे. बहुतेकींना गणवेश नको असतो. कागद वेळेवर सरकावेत, एवढंच हवं असतं.

कागद सरकत नाहीत तेव्हा काय होतं, ते मेजर अनुज सूद यांच्या प्रकरणात दिसलं. २ मे २०२० रोजी हंदवाड्यात ओलिसांची सुटका करताना ते गेले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. कुटुंब पुण्यात राहणारं. शहिदांच्या कुटुंबाला राज्य सरकार जे १ कोटी रुपये देतं, ते मागितल्यावर उत्तर आलं की ते महाराष्ट्रात जन्मलेले नाहीत आणि सलग १५ वर्षं इथले रहिवासीही नाहीत. पत्नी आकृती सूद मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘विशेष बाब’ म्हणून १ कोटी देण्याचा निर्णय झाला. नियम बदलला असं नाही, अपवाद केला गेला. आता हा नियम कल्याण-डोंबिवलीला लावून पाहा. निम्मं शहर बाहेरून आलेलं. फौजीची तर नोकरीच अशी की वीस वर्षांत आठ ठिकाणं. सलग पंधरा वर्षं एका राज्यात राहिलेला सैनिक शोधायचा म्हटला तर त्याने फौज सोडल्यावरच तो सापडेल.

आता घरपट्टीचा अर्ज जरा जवळून बघू, कारण सगळं दुखणं त्या एका फाईलीत दिसतं. २०२० मध्ये राज्याच्या नगरविकास विभागाने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली. पूर्वी शौर्यपदक विजेत्यांपुरती असलेली मालमत्ता कराची माफी सगळ्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना, एका मालमत्तेपुरती, मिळू लागली. निर्णय चांगला, हेतूही स्वच्छ. आता फाईल उघडा. डिस्चार्ज बुकाची प्रत, ओळखपत्र, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), अधिवासाचा पुरावा, जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, राज्यात दुसरीकडे ही माफी घेतली नसल्याचं घोषणापत्र, कराचं ताजं बिल. फ्लॅट मुलाच्या नावावर असेल तर प्रश्न उभा. इमारतच अनधिकृत निघाली तर आणखी मोठा प्रश्न. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं, ते विसरता येत नाही. २०१५ मध्ये महापालिकेत आलेल्या २७ गावांचं भिजत घोंगडं वेगळंच. आणि बिलावर मालमत्ता कर एकटा नसतो. शिक्षण कर, वृक्ष कर अशी रांग असते. यातलं नेमकं काय माफ झालं, हे लेखी मागून घ्यावं. तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षीच्या बिलावर टिकत नाही.

यात आणखी एक मेख आहे. ठाणे जिल्ह्यात महापालिका सहा: ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर. वर अंबरनाथ आणि बदलापूरच्या पालिका. प्रत्येकीकडे वेगळी खिडकी. या सगळ्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय एकच. ही व्यवस्थाही जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, परतलेल्या सैनिकांसाठी ब्रिटिशांनी मंडळ नेमलं, आजच्या केंद्रीय सैनिक मंडळाचा तो पूर्वज. जिल्ह्याच्या पातळीवर आज ज्याचा खरा आधार असतो, तो कल्याण संघटक. हा बहुधा स्वतःच माजी सैनिक. कुठला अर्ज पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे, कुठला दिल्लीला, कुठला रेकॉर्ड ऑफिसला, हे त्याला तोंडपाठ. एक माणूस मुरबाडच्या पाड्यापासून मीरा रोडच्या टॉवरपर्यंत कुठवर पुरणार?

फाईल अडते ती बहुतेक वेळा नावावर. लग्नानंतर जवानाने बायकोचं नाव युनिटमध्ये कळवलं, कारकुनाने ते पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटच्या अधिकृत नोंदीत) इंग्रजीत चढवलं. गावाकडच्या दाखल्यावर ती सुमन, सासरी सुनंदा, आधारवर सुनंदाबाई. नवरा जिवंत असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. तो गेला की पीपीओवरची सुमन आणि दारात उभी असलेली सुनंदा एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, पुन्हा रेकॉर्ड ऑफिस. तोवर पेन्शन बंद. आणि ईसीएचएसचं कार्डही त्याच नावावर लटकतं.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, एप्रिल २००३ पासूनची. फुकट नाही, निवृत्त होताना हवालदारापर्यंतच्यांना ३०,०००, सुभेदार वर्गाला ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये एकरकमी भरावे लागतात. १९९६ पूर्वी निवृत्त झालेले आणि युद्धविधवा यातून सुटतात. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर तपासतो आणि गरज पडली तर यादीवरच्या खासगी रुग्णालयात रेफरल देतो. योजना म्हणून मला ही सगळ्यांत मोलाची वाटते. बायपास किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च एरवी निवृत्त नाईकाला पेलणारा नाही. पण रुग्णालयांची बिलं सरकारकडे थकली की ती यादीतून बाहेर पडतात किंवा ‘बेड नाही’ म्हणतात. उरतं कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय. कल्याणहून पन्नासेक किलोमीटर. सकाळच्या साडेसातच्या गर्दीत केमोथेरपीचा पेशंट फास्ट लोकलमध्ये चढवून बघा, मग अंतर कळेल.

नोकरीच्या राखीव जागांबद्दल लांबण लावत नाही. राज्याच्या गट ‘क’ आणि ‘ड’ मध्ये १५ टक्के, केंद्रात १० आणि २० टक्के. कागदावर भरघोस, प्रत्यक्षात त्या पूर्ण भरत नाहीत, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही नोंदवलं आहे. बारावीनंतर वीस वर्षं सियाचीन आणि पूंछमध्ये काढलेल्या माणसाला टायपिंगची आणि एमएस-सीआयटीची अट घालून परीक्षेला बसवलं, तर दुसरं काय होणार?

पेन्शनच नसलेल्यांसाठी संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून मदत मिळते. पासष्टी ओलांडलेल्या, हवालदारापर्यंतच्या आणि पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना महिन्याला ४,००० रुपये मिळायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ८,००० करायला मंजुरी मिळाली. मुलांच्या शिक्षणाची मदत महिन्याला १,००० वरून २,०००, मुलीच्या लग्नाची ५०,००० वरून १ लाख. हा पैसा येतो ध्वजदिन निधीतून. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला सरकारी कचेऱ्यांत जे छोटे ध्वज वाटले जातात, त्यातून. आपण ते घेतो, छातीला टोचतो आणि संध्याकाळी विसरतो.

महायुद्धातला तो बिनपेन्शनचा सैनिक आता वेगळ्या नावाने परत येतो आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, चौघांतला एक कायम, बाकी तिघे सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन घरी. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. पहिली तुकडी प्रशिक्षणाला गेली ती २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला, म्हणजे तिची चार वर्षं २०२६-२७ च्या सांध्यावर भरतात. कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या घरी विमा आणि सानुग्रह मिळून मोठी रक्कम येते, हे खरं: ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या मुदतीचा पगार. मासिक कुटुंब निवृत्तिवेतन मात्र नाही. बुलढाण्याचा अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर गेला, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा महाराष्ट्राच्या दारात आला. मे २०२५ मध्ये नियंत्रण रेषेवर मुरली नाईक गेला. मूळ आंध्रचा, घर घाटकोपरच्या कामराज नगरात. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली: नियमित जवानाच्या आईला जे मिळतं ते मला का नाही? बंदूक तीच असेल आणि गोळीही तीच, तर या प्रश्नाला सरकारकडे लढाईच्या भाषेत उत्तर नाही. हिशेबाच्या भाषेत आहे.

वरचे नियम दिल्लीत बदलतील तेव्हा बदलतील. ठाण्यात आणि कल्याणमध्ये उद्या करता येण्याजोगं काम बाकी आहे. माजी सैनिकांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आहे, मिळकतींची नोंद महापालिकेत आहे. दोन याद्या समोरासमोर ठेवून माफीला पात्र माणसाच्या घरी आपण होऊन पत्र पाठवायला नवा कायदा लागत नाही. प्रभाग कार्यालयात महिन्यातला एक दिवस कल्याण संघटकाला टेबल-खुर्ची द्यायलाही लागत नाही. तुमच्या नगरसेवकाला हे विचारा. आणि तुमच्या सोसायटीच्या गेटवर जो माजी सैनिक उभा आहे, त्याच्या पीपीओवर बायकोचं नाव आधारप्रमाणे आहे का, हेही त्याला विचारा. नसेल, तर तो जिवंत असतानाच दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला जाऊ द्या.